बेत करणें हा अविश्वास आहे काय?

गेल्या नोव्हेंबर महिन्यांत अकोट तालुक्यांतील एका लहानशा मंडळीच्या उपदेशकांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला. त्या वेळीं आम्हीं चार ओळींचें उत्तर पाठविलें. परंतु प्रश्न दिसण्यांत लहान असला तरी त्याचें मूळ खोल आहे, आणि तो एका मंडळीचा नसून पुष्कळ मंडळ्यांचा आहे. म्हणून प्रिय बंधुभगिनींनो, तो येथें आपणां सर्वांसमोर मांडीत आहों.

हकीकत अशी आहे. त्या मंडळींतील १४ तरुणांनीं नाताळाच्या सुटींत नरनाळ्याच्या डोंगरावर पायीं चढून जाण्याचें ठरविलें. त्यांनीं महिनाभर आधींपासून तयारी चालविली. कोणत्या दिवशीं निघावयाचें, अकोटपर्यंत कोणती मोटार धरावयाची, वनखात्याची परवानगी कोणीं काढावयाची, वाटाड्या कोण, पाण्याचे डबे किती, भाकरी किती, दोर किती हात, विजेऱ्या किती, अशी चार पानांची यादी झाली. रविवारीं उपासना संपल्यावर ती वाचून दाखविली, तेव्हां मंडळीचे एक वयोवृद्ध पंच उठून म्हणाले, “पोरांहो, आमच्या वेळीं आम्ही गुडघे टेकले आणि निघालों. तुमच्या यादींत सगळें आहे. देव कोठें आहे? प्रभूनें उद्यांची चिंता करूं नका म्हणून सांगितलें, आणि तुम्ही तर महिन्याची चिंता करून बसलां!” त्यावर एक तरुण म्हणाला, “बाबाजी, देवानें डोकें दिलें तें टोपी घालण्यापुरतेंच काय?” शब्दानें शब्द वाढला. वृद्ध मंडळी एकीकडे झाली, तरुण दुसरीकडे झाले, आणि उपदेशकांनीं मध्यें पडून प्रश्न आमच्याकडे पाठविला : आधीं बेत करणें हा अविश्वास आहे काय?

ज्यांनीं नरनाळा पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत, शहानूर गांवाच्या वर हा गड उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ३००० फुटांहून अधिक आहे. जाफराबाद आणि तेलियागड असे दोन लहान गड त्यास लागून आहेत. गडाचा कोरीव महाकाली दरवाजा १४८७ च्या सुमारास फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क यानें बांधिला. हाच सरदार पुढें १४९० त स्वतंत्र होऊन वऱ्हाडच्या इमादशाहीचा मूळ पुरुष झाला. आंत नऊगजी नांवाची मोठी तोफ आहे, आणि ती पाहण्याची हौस वऱ्हाडांतील प्रत्येक मुलास असते. १९९७ पासून हा मुलूख अभयारण्य आहे आणि मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाशीं जोडलेला आहे. म्हणून परवानगीवांचून त्या रानांत शिरतां येत नाहीं, आणि अंधार पडण्यापूर्वीं खालीं यावें लागतें.

अशा डोंगरावर दुकान नाहीं, दवाखाना नाहीं, हांक मारली तर ओ देणारा कोणी नाहीं. समुद्रांतील दूरच्या बेटावरचा डोंगर आणि हा डोंगर यांत या बाबतींत फारसें अंतर नाहीं : जें आपण बरोबर नेलें नाहीं तें वर मिळत नाहीं. गड बांधणारांसही हें ठाऊक होतें. त्यांनीं तटाबुरुजांइतकीच काळजी तळ्यांची केली. कारण पाणी नसलेला गड म्हणजे नुसता दगड. तरीही त्या तळ्यांपैकीं कित्येक उन्हाळ्यांत आटतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रभूनें आपल्या शिष्यांस उद्यांची चिंता करूं नका असें सांगितलें, हें खरें आहे. परंतु चिंता आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभूनें पांखरांकडे बोट दाखविलें. तीं पांखरें चिंता करीत नाहींत, पण सुगरण आपलें घरटें अंडीं घालण्यापूर्वींच विणते. वऱ्हाडांतील शेतकरी मृग लागण्यापूर्वीं वखरणी करितो, कपाशीचें बियाणें घरांत आणून ठेवितो, आणि मग आभाळाकडे पाहतो. त्याला कोणी अविश्वासी म्हणत नाहीं. उलट ज्यानें वखर बाजूस टाकिला, बियाणें आणिलें नाहीं, आणि केवळ आभाळाकडे पाहत बसला, त्यास लोक ‘दे रे हरी खाटल्यावरी’ म्हणून हंसतात. तें हंसणें आपल्या ख्रिस्ती मंडळीसही लागू पडतें; खाटेवर पडून प्रार्थना केली म्हणजे ती विश्वासाची प्रार्थना होत नाहीं. दोहोंतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. चिंता मनुष्यास रात्रभर जागी ठेविते आणि सकाळीं कांहींच झालेलें नसतें. तरतूद केली म्हणजे झोंप लागते.

सैतानानें प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेऊन उभें केलें तेव्हां त्यानें देवाचें वचनच पुढें केलें होतें. देवदूत झेलतील असें वचन आहे, तर उडी टाक, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रभूनें त्या उडीस विश्वास म्हटलें नाहीं. देवाची परीक्षा पाहणें म्हटलें. उतरण्यास पायऱ्या असतां उडी टाकणें, आणि विहिरीवर पाणी असतां रिकामा डबा घेऊन डोंगर चढणें, हीं एकाच जातीचीं कृत्यें आहेत.

वृद्ध पंचांस आम्हीं हें दुरून शिकवूं नये, म्हणून एक जुनी गोष्ट कबूल करितों. सुमारें ४० वर्षांपूर्वीं मी तरुण शिक्षक असतां २० मुलांस घेऊन याच डोंगरावर गेलों. महिना मे होता. सकाळीं प्रार्थना केली, गीत गाइलें, आणि निघालों. पाणी किती घ्यावें याचा हिशोब मीं माझ्या तहानेवरून केला. वर तळें आहे, देव पुरवील, असें मुलांस सांगितलें. त्यांत एक मुलगा आदल्या रात्रीं तापानें फणफणला होता. तो मागें राहूं लागला तेव्हां मीं त्यास म्हणालों, “विश्वास धर आणि चाल.” वर पोंचलों तों ज्या तळ्यावर मीं भिस्त ठेविली होती त्यांत भेगा पडलेला चिखल होता. उतरतांना तो मुलगा वाटेंतच कोसळला. त्याचें अंग तापलेल्या तव्यासारखें झालें होतें आणि घाम येणें बंद झालें होतें.

तेथें एक कोरकू गुराखी गुरें घेऊन आला. त्यानें आपला पाण्याचा तुंबा उघडिला, थोडें पाणी मुलाच्या ओंठांस लाविलें, बाकीचें त्याच्या अंगावर शिंपडलें, आणि त्यास खांद्यावर घेऊन सावलीसावलीनें गांवापर्यंत आणिलें. वाटेंत तो माझ्याशीं एकदांच बोलला. मोडक्या मराठींत त्यानें विचारलें, “मास्तर, लेकरें किती? पाणी किती?” मजजवळ उत्तर नव्हतें. त्या मनुष्यानें आपलें दिवसभराचें पाणी सकाळींच भरून घेतलें होतें, आणि तें एका अनोळखी मुलासाठीं ओतून टाकिलें. प्रभूचें नांव त्यानें त्या दिवसापर्यंत ऐकिलें होतें कीं नाहीं, हें मला माहीत नाहीं; पण त्या दिवशीं माझ्याहून अधिक प्रभूच्या मनासारखें तोच वागला.

मुलगा वांचला. रात्रीं आम्हीं उपकारस्तुति केली आणि सर्वांनीं म्हटलें कीं, देवानें मास्तरांच्या विश्वासाचें फळ दिलें. मी गप्प राहिलों, आणि तें गप्प राहणें आजवर मला टोंचतें. देवानें कृपा केली हें खरें. परंतु ती कृपा माझ्या निष्काळजीपणाला मिळालेलें प्रशस्तिपत्र नव्हतें. मी ज्याला विश्वास म्हणत होतों तो दुसऱ्याच्या जिवावर केलेला होता. स्वतःच्या तहानेपुरता मनुष्य वाटेल तितका धीर धरो. दुसऱ्याचें लेंकरूं तहानेलें ठेवून आपला विश्वास दाखविण्याचा अधिकार देवानें कोणासही दिलेला नाहीं.

म्हणून आमचें पहिलें उत्तर असें आहे कीं, बेत करणें हा अविश्वास नव्हे. बहुत वेळां तें शेजाऱ्यावर प्रीति करण्याचेंच एक रूप आहे. पाण्याचा डबा भरणारा हात हा प्रार्थनेंत जोडलेल्या हातांचा विरोधी नाहीं.

प्रेषित पौलाचा समुद्रप्रवास आठवा. हंगाम उलटून गेला होता. आतां पुढें जाणें धोक्याचें आहे असें त्यानें सांगितलें. पण शताधिपतीनें तांडेलाचें आणि जहाजाच्या मालकाचें ऐकिलें. दक्षिणेचा मंद वारा सुटला, तेव्हां आपला हेतु साधला असें सर्वांस वाटलें. थोड्याच वेळानें तुफान आलें, आणि चौदा दिवसांनंतर तें जहाज मिलिता बेटाच्या किनाऱ्यावर फुटलें. मंद वारा म्हणजे देवाची संमति नव्हे. निघण्याच्या दिवशीं आभाळ स्वच्छ असलें म्हणून आपला बेत बरोबर ठरत नाहीं. याच गोष्टींत दुसरा बोध याहून मोठा आहे. जहाजावरील २७६ माणसांपैकीं एकाचाही नाश होणार नाहीं असें वचन देवाच्या दूतानें पौलास दिलें होतें. तरी खलाशी होडींत बसून पळून जाऊं लागले, तेव्हां पौलानें शताधिपतीस बजाविलें कीं, हे जहाजांत राहिले नाहींत तर तुमचा बचाव होणार नाहीं. मग त्यानें उपाशी माणसांस आग्रहानें जेवूं घातलें. वचन हातीं असूनही त्यानें खलाशांस जाऊं दिलें नाहीं आणि भाकरीची आठवण सोडिली नाहीं. वचनावर ज्याचा खरा भरंवसा असतो, तो साधनें टाकून देत नाहीं.

येथवर वाचून तरुण बंधूंस वाटेल कीं, आमचाच पक्ष खरा ठरला. त्यांनीं थोडें थांबावें; कारण उपदेशकांच्या पत्राच्या शेवटीं एक ओळ होती आणि तीच आम्हांस सर्वांत अधिक लागली. त्या गांवांत एक तरुण आहे, त्याचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. त्यानेंही येण्याची इच्छा दर्शविली होती. यादी करणारांनीं त्यास सांगितलें, “तूं आलास तर आमचा वेळेचा हिशोब चुकेल. तूं घरीं राहून आमच्यासाठीं प्रार्थना कर.”

पाहा, यादींत दोराचे हात मोजले होते, भाकरी मोजल्या होत्या, विजेऱ्या मोजल्या होत्या. पण माणूस मोजला नव्हता. वृद्ध पंचांनीं विचारलें होतें कीं, यादींत देव कोठें आहे? त्यांच्या प्रश्नाचें रूप चुकलें असेल, पण प्रश्न चुकला नव्हता. प्रभूनें आपणांस सांगून ठेविलें आहे कीं, तो लहानांत लहान अशा भावामध्यें भेटतो. त्या भावास वगळून जी यादी पुरी झाली, तींत देवासाठींही जागा उरली नव्हती. अशा रीतीनें बेत न करणें जसें प्रीतीच्या विरुद्ध होऊं शकतें, तसेंच फार नीटनेटका बेत करणेंही होऊं शकतें. एकानें दुर्बळास तहानेलें ठेविलें, दुसऱ्यांनीं त्यास घरीं ठेविलें.

तर मग बेताचें माप कोणतें? तें याकोबापासून शिकावें. एसावाची भेट झाल्यावर एसाव त्यास म्हणाला कीं, चल, आपण बरोबर जाऊं. एसावाजवळ ४०० दमदार माणसें होतीं. याकोबानें नम्रपणें नकार दिला. माझीं मुलें कोंवळीं आहेत, दूध पाजणारीं गुरेंमेंढरें माझ्याजवळ आहेत, त्यांस एक दिवस जरी फार दामटलें तरी कळप मरेल. तूं पुढें जा, मी गुरांच्या आणि मुलांच्या चालीनें हळूहळू येतों, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. याकोब पुष्कळ ठिकाणीं चुकला, पण येथें तो खरा मेंढपाळ दिसतो. ज्या टोळीचा वेग तिच्यांतील सर्वांत बळकट मनुष्यावरून ठरतो, ती टोळी लवकर पोंचते, पण पुरी पोंचत नाहीं.

बेतांत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे परत फिरण्याची वेळ. सर अर्नेस्ट शॅकल्टन या दर्यावर्दी पुरुषानें १९०९ च्या जानेवारींत दक्षिण ध्रुवाकडे चाल केली. तोंवर त्या ध्रुवास कोणीही मनुष्य पोंचला नव्हता. ता. ९ रोजीं ध्रुव केवळ ९७ सागरी मैल, म्हणजे सुमारें १८० किलोमीटर उरला असतां तो आपल्या तिघां सोबत्यांसह मागें फिरला. कारण पुढें गेलों तर अन्न संपून परततां येणार नाहीं असें त्यास दिसलें. पहिलेपणाचा मान त्यास पुढें कधींच मिळाला नाहीं. पण चौघेही जिवंत घरीं आले.

याच पुरुषाच्या आयुष्यांत बेतावांचून डोंगर चढण्याचा प्रसंगही आला. दुसऱ्या सफरींत १९१५ त त्याचें जहाज बर्फांत चिरडून बुडालें. त्याचे २२ सोबती एलिफंट नांवाच्या उजाड बेटावर अडकून राहिले, आणि तो पांच जणांसह लहान होडींतून दक्षिण जॉर्जिया या दूरच्या बेटास लागला. मदत मिळण्याचें ठिकाण बेटाच्या पलीकडील किनाऱ्यावर होतें. मध्यें बर्फाचे डोंगर, आणि त्यांचा नकाशा कोणींही केलेला नव्हता. दोघे अशक्त झाले होते, त्यांच्याजवळ एकास ठेवून १९१६ च्या मे महिन्यांत उरलेले तिघे चढले. जवळ थोडा दोर, सुताराची एक वाकस आणि तीन दिवसांचें अन्न एवढेंच होतें. बर्फावर पाय घसरूं नयेत म्हणून होडीचे स्क्रू काढून त्यांनीं जोड्यांच्या तळांस बसविले होते. ३६ तास चालून ते पार झाले, आणि त्या वर्षीं ३० ऑगस्टला ते २२ ही जण सुटले. पुढें शॅकल्टननें लिहिलें कीं, त्या वाटेंत आपण तिघे नसून चौघे आहों असें त्यास वारंवार वाटे.

आमच्या वृद्ध पंचांस ही गोष्ट आवडेल, आणि आवडावी. ज्या वाटेस नकाशा नाहीं त्या वाटेवरही सोबत करणारा एक आहे, हा आपला विश्वास आहे. परंतु हेंही पाहावें कीं, ते तिघे हौसेनें तसे निघाले नव्हते. दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि पलीकडे २२ जीव वाट पाहत होते. शिवाय जें थोडें हातीं होतें त्याची तरतूद त्यांनीं केलीच, आणि अशक्तांस त्या चढावर ओढून नेलें नाहीं. संकटानें आपल्या हातांतून बेत काढून घेतला तर देवावर भार टाकून चालावें. परंतु आळसानें आपणच बेत टाकून दिला, तर त्यास संकटाचें नांव देऊं नये.

शेवटीं याकोबाच्या पत्रांतील बोध राहतो. उद्यां अमुक गांवीं जाऊं, वर्षभर राहूं, व्यापार करूं, असें म्हणणारांस तो व्यापार करूं नका असें सांगत नाहीं. प्रभूची इच्छा असेल तर, एवढें त्यांत घाला, असें सांगतो. हे शब्द यादीच्या शेवटीं सवयीनें लिहावयाचे नव्हेत. त्यांचा अर्थ असा कीं, ज्या घटकेस देव थांबवील त्या घटकेस मी रुष्ट न होतां थांबेन. ज्याला परत फिरतां येतें, त्यानेंच ते शब्द मनापासून म्हटले असें समजावें.

हें केवळ डोंगराविषयीं नाहीं. आपल्या खेड्यांत लग्न निघतें, प्रार्थनामंदिराची इमारत काढितात, दूरच्या सभेस मंडळी जाते. पाया घालण्यापूर्वीं खर्चाचा हिशोब न केल्यानें अर्धवट राहिलेल्या बुरुजाचा दृष्टांत प्रभूनेंच दिला आहे. पण हिशोबाला बसतांना त्या कोरकू गुराख्याचा प्रश्न आधीं विचारावा : लेकरें किती? पाणी किती? म्हणजे या बेतांत सर्वांत दुर्बळ कोण आहे, आणि त्याच्या वांट्याला काय ठेविलें आहे? लग्नाच्या कर्जाचा बोजा कोणत्या धाकट्या भावावर पडणार? सभेच्या वाटेवर कोणती म्हातारी मागें राहणार? याचें उत्तर देतां आलें म्हणजे गुडघे टेकावे, आणि निघावें.

जानेवारींत उपदेशकांचें दुसरें पत्र आलें. तरुणांनीं यादी फाडली नाहीं. पण ती नव्यानें लिहिली, आणि या वेळीं पहिल्या पानावर वस्तूंच्या ऐवजीं माणसांचीं नांवें घातलीं. त्या अधू पायाच्या तरुणाचें नांव सर्वांत वर होतें. दुपारीं बारा वाजतां जेथें असूं तेथून फिरावयाचें असें ठरलें. निघण्याच्या दिवशीं वृद्ध पंच पहांटे स्वतः आले, त्यांनीं पाण्याचे डबे एकेक उचलून पाहिले, आणि मग प्रार्थना केली.

ते सर्व पंधरा जण महाकाली दरवाजापर्यंत पोंचले. तेथें बारा वाजले. कोरीव कमानीच्या सावलींत बसून त्यांनीं भाकरी खाल्ली आणि खालीं उतरले. नऊगजी तोफ त्यांनीं पाहिली नाहीं.